विकलं नाही म्हणजे लॉस नाही?

२८ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. सेन्सेक्स त्या दिवशी चौदाशे अंकांनी पडला आणि निफ्टी सलग पाचव्या महिन्यात खाली बंद झाला. असं १९९६ नंतर पहिल्यांदाच घडत होतं. संध्याकाळी गंगापूर रोडवर, जेहान सर्कलजवळच्या टपरीवर आम्ही चौघं चहा पीत उभे होतो. चौघंही आयटीतले, चौघांच्याही फोनवर तोच लाल रंग. एरवी आमच्यात पगार, ऑनसाइट, नाहीतर पाथर्डी फाट्याला फ्लॅट घ्यावा की नाही, यावर गप्पा होतात. त्या दिवशी कोणी फारसं बोलत नव्हतं.

मग एकाने फोन खिशात टाकला आणि म्हणाला, ‘विकलं नाही तोवर लॉस नाही रे. कागदावरचाच आहे.’

बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पुढच्या पाच मिनिटांत तो सहज बोलून गेला की, तीन लाखांचं पर्सनल लोन मंजूर झालंय आणि सोमवारी तो तोच शेअर अजून घेणार आहे, ‘ॲव्हरेज’ करायला. घरी सांगितलंय की सोसायटीच्या पार्किंगचे पैसे भरायचेत.

मला भांडायचंय ते या वाक्याशी. मित्राशी नाही. ‘विकलं नाही म्हणजे लॉस नाही’ हे आपल्या पिढीच्या बाजारातलं सगळ्यात लाडकं आणि सगळ्यात महागडं वाक्य आहे. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती, पाच वर्षांत ती एकोणीस कोटींच्या पुढे गेली. म्हणजे बहुसंख्य लोकांनी पहिला शेअर घेतला तोच वर जाणाऱ्या बाजारात. शेअर घ्यायचा कसा हे ॲपने शिकवलं. पडायला लागला की काय करायचं, हे मात्र आपण या एका वाक्यावर सोडून दिलं.

चारशेचा शेअर, साडेपाच रुपयांना

या वाक्याची परीक्षा घ्यायची तर येस बँकेची गोष्ट पुन्हा सांगायला हवी. मुंबईची बँक, निफ्टी ५० मधली, चकाचक शाखा, टायवाले रिलेशनशिप मॅनेजर. ऑगस्ट २०१८ मध्ये शेअर ४०० च्या वर होता. सप्टेंबरमध्ये बातमी आली की, राणा कपूर यांना रिझर्व्ह बँक पूर्ण मुदतवाढ देत नाही, त्यांना जानेवारी २०१९ अखेर पद सोडावं लागेल. एका दिवसात शेअर २२५ च्या आसपास आला. त्याच सुमारास कपूर यांनी ट्विटरवर जाहीर केलं की, आपले शेअर्स म्हणजे हिरे आहेत, ते आपण कधीच विकणार नाही, मुलींना वारसा म्हणून देऊ.

पुढे काय झालं? एप्रिल २०१९ च्या शेवटी बँकेने तिमाही तोटा दाखवला, शेअर १७० वर. सप्टेंबरमध्ये साठच्या आसपास. नोव्हेंबर २०१९ येईपर्यंत कपूर आणि त्यांच्या कंपन्यांची हिस्सेदारी जवळजवळ शून्यावर आली होती, त्यातला मोठा भाग तारण ठेवलेल्या शेअर्सच्या विक्रीतून. हिरे गेले. आणि या सगळ्या काळात बँकेतला किरकोळ भागधारकांचा वाटा मात्र तिमाहीमागून तिमाही वाढत होता. मोठे बाहेर पडत होते आणि लहान आत येत होते. प्रत्येक विकलेला शेअर कोणीतरी घेतलेला असतो, हे बाजाराचं सगळ्यात साधं गणित आहे. ते घेणारे आपण होतो.

५ मार्च २०२० ला संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, खात्यातून जास्तीत जास्त ५०,००० रुपये काढता येतील. ६ मार्चला शेअर साडेपाच रुपयांपर्यंत खाली गेला. १३ मार्चला सरकारने पुनर्रचनेची योजना अधिसूचित केली. स्टेट बँक आणि इतर बँकांनी १० रुपये भावाने भांडवल घातलं. १८ मार्चला निर्बंध उठले आणि ठेवीदारांची ठेव वाचली, हे चांगलंच झालं. पण त्याच योजनेत एक कलम होतं: ज्या भागधारकाकडे १०० पेक्षा जास्त शेअर्स आहेत, त्याच्या ७५ टक्के शेअर्सवर तीन वर्षांचं लॉक-इन.

हे कलम नीट वाचा. ‘धीर धरा, लाँग टर्म बघा’ हा सल्ला इथे कायदाच होऊन आला. लॉक-इननंतर बाजारात विकायला शेअर्सच कमी उरले आणि काही दिवसांतच भाव ऐंशीच्या पुढे उसळला. ज्याच्याकडे हजार शेअर्स होते, त्याला साडेसातशेला हात लावता येत नव्हता. तो फक्त बघत होता. जुलै २०२० मध्ये बँकेने १५,००० कोटींचा एफपीओ आणला तो १२ रुपयांना. मार्च २०२३ मध्ये लॉक-इन उठलं तेव्हा भाव पुन्हा पडला. त्यानंतर २०२४, २०२५ आली आणि गेली, शेअरने पस्तिशी काही ओलांडली नाही.

चारशेला घेतलेल्या माणसाने ‘विकलं नाही’. मग त्याला लॉस झाला नाही, असं म्हणायचंय का आपल्याला?

‘पण २०२० मध्ये ज्यांनी धीर धरला…’

इथे लगेच उत्तर येतं. टपरीवरही आलं. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी पडला. दुसऱ्या दिवशी निफ्टी ७,५११ पर्यंत खाली गेला. त्या दिवशी घाबरून ज्यांनी विकलं ते रडले. ज्यांनी काहीच केलं नाही, त्यांचा निफ्टी वर्षभराच्या आत पंधरा हजारांवर होता. दुप्पट. मग धीर कामाला आला की नाही?

आला. पण कोणाच्या? निर्देशांकाच्या. आणि निर्देशांकाने धीर धरलाच नव्हता.

याच मार्च २०२० मध्ये निफ्टी ५० ने येस बँकेला यादीतून काढून टाकलं आणि तिच्या जागी श्री सिमेंटला घेतलं. निफ्टी ‘ॲव्हरेज’ करत बसला नाही. ‘आपला जुना शेअर आहे, सावरेल’ असं म्हणाला नाही. जे पडून लहान झालं ते बाहेर, जे वाढलं ते आत, हे तो नियमाने दर सहा महिन्यांनी तपासतो आणि वेळ पडली तर मधेच करतो. सत्यम एकेकाळी निफ्टीत होती. युनिटेक होती, जेपी असोसिएट्स होती, रिलायन्स कम्युनिकेशन्स होती, पुण्याची सुझलॉन होती. आज जो निफ्टीचा चढता आलेख दाखवून तुम्हाला संयम शिकवला जातो, त्या आलेखात या सगळ्यांना वेळोवेळी दिलेला डच्चू आहे. निर्देशांक हे तोटा कापण्याचं यंत्र आहे. त्याचा दाखला देऊन तोटा न कापण्याचा उपदेश करणं, ही चलाखी तरी आहे किंवा अडाणीपणा.

म्हणून ‘बाजार पडला तर काय करायचं’ आणि ‘माझा शेअर पडला तर काय करायचं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इंडेक्स फंडातली एसआयपी पडत्या बाजारात चालू ठेवणं शहाणपणाचं असू शकतं. एका कंपनीच्या शेअरला तेच शहाणपण लावणं म्हणजे एका झाडाला जंगलाचं आयुष्य देणं. जंगल वणव्यानंतर पुन्हा उगवतं. तुमचं झाड उगवेलच असं नाही.

‘सुझलॉन बघ ना,’ असं त्या संध्याकाळीही कोणीतरी म्हणालंच. बघू या. मार्च २०२० मध्ये दोन रुपयांच्या आसपास, सप्टेंबर २०२४ मध्ये ऐंशीच्या पुढे. चाळीस पट. पण २००८ च्या जानेवारीत तोच शेअर ४०० च्या पुढे होता. तेव्हा घेऊन सोळा वर्षं धीर धरणाऱ्याला त्या झगमगत्या ऐंशीतही पाचव्या हिश्शाच्या आसपासच रक्कम दिसत होती. चाळीस पट मिळाले ते दोन रुपयांना घेणाऱ्याला. धीर चारशेवाल्याचा, कमाई दोनवाल्याची. आपण मात्र गोष्ट अशी सांगतो, जणू दोघं एकच माणूस आहेत.

ॲव्हरेज नावाची शिडी

आता ‘ॲव्हरेज’ करण्याकडे येतो, कारण कर्ज त्यासाठीच काढलं जातं. येस बँकेचेच टप्पे घ्या. समजा एकाने ४०० ला दहा हजार रुपये घातले. २२५ ला पुन्हा दहा, १७० ला दहा, ६० ला दहा, ३५ ला दहा. प्रत्येक वेळी ॲपवर त्याचा सरासरी भाव खाली सरकताना दिसला आणि बरं वाटलं. शेवटी हातात ५७८ शेअर्स, सरासरी भाव सुमारे ८६. चारशेवरून शहाऐंशी! केवढी प्रगती! पण खिशातून गेलेले पैसे दहा हजारांवरून पन्नास हजारांच्या घरात गेले. एफपीओच्या १२ रुपयांच्या भावाने त्यांची किंमत सात हजारसुद्धा नाही. पहिल्या दहा हजारांवरच थांबला असता तर दहा हजारांच्या वर एक रुपयाही बुडाला नसता. इथे बुडाले बेचाळीस हजारांहून जास्त.

सरासरी भाव हा आकडा बाजाराला माहीत नसतो. तो फक्त तुमच्या ॲपला आणि तुमच्या अहंकाराला माहीत असतो. कंपनी नफा कमावते का, तिचं कर्ज फिटतंय का, हिशेब खरे आहेत का, याचा तुमच्या खरेदीच्या भावाशी काडीचाही संबंध नाही.

आणि ‘कागदी’ तोट्याबद्दल म्हणाल तर, गमतीची गोष्ट अशी की आयकर खात्याच्या दृष्टीने न विकलेल्या तोट्याला खरोखरच काही किंमत नाही. विकलेल्या तोट्याला आहे. अल्पमुदतीचा भांडवली तोटा इतर भांडवली नफ्यातून वजा करता येतो, आणि विवरणपत्र वेळेत भरलं तर उरलेला पुढची आठ वर्षं नेता येतो. म्हणजे विकलात तर तुमच्या तोट्याचा काही तरी उपयोग आहे. नुसता सांभाळून ठेवलेला तोटा फक्त झोप खातो.

तुमच्या संयमावर कोणाचं पोट आहे?

माणूस तोट्यातला शेअर धरून ठेवतो आणि नफ्यातला घाईने विकतो, ही सवय जगभर आहे. टेरन्स ओडीन या अभ्यासकाने १९९८ मध्ये अमेरिकेतल्या दहा हजार खात्यांचे व्यवहार तपासून तेच दाखवलं, वर हेही की लोकांनी विकलेले शेअर्स पुढे त्यांनी धरून ठेवलेल्या शेअर्सपेक्षा चांगले चालले. तेव्हा ही खोड आपली एकट्याची नाही. पण खोडीला तत्त्वज्ञानाचा मुलामा देण्याचा धंदा मात्र आपल्याकडे जोरात आहे.

जो प्रवर्तक हिस्सा विकतोय त्याला तुम्ही धरून ठेवणारे हवे आहात. ज्याने टिप दिली त्या टेलिग्रामवाल्याला तुम्ही धरून ठेवलेलं बरं, कारण विकलात तर टिप चुकली हे सिद्ध होतं. येस बँकेच्याच एटी-१ रोख्यांचं प्रकरण आठवा. सेबीच्या २०२१ च्या आदेशानुसार १,३४६ व्यक्तींनी त्यात सुमारे ६७९ कोटी रुपये घातले होते. त्यातले बहुतेक बँकेचेच खातेदार. मुदत ठेवीसारखंच सुरक्षित आणि व्याज जास्त, असा मामला मांडला गेला. मार्च २०२० मध्ये या प्रकारचे सुमारे ८,४१५ कोटींचे रोखे शून्य झाले. दंडाचा आदेश निघाला, त्यावर अपील झालं, रोखे शून्य करण्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. आयुष्याची पुंजी घातलेला निवृत्त माणूस तारखा मोजत बसला. त्यालाही कोणीतरी ‘धीर धरा’ म्हणालंच असेल.

आणि संयम संपला की दुसरं दुकान उघडं असतंच. ‘शेअरमध्ये गेलेले ऑप्शनमध्ये काढू.’ सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले: तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. आधी पडता शेअर धरून ठेवा, मग तो भरून काढायला रोज सव्वानऊला जुगार खेळा. पहिल्या रोगातूनच दुसरा निघतो.

आपल्या रोडची गोष्ट

गंगापूर रोडवाल्यांना आणखी एक मोह आहे, आपलेपणाचा. याच रस्त्याने पुढे गेलं की सुला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तिचा आयपीओ ३५७ रुपयांना आला तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांनी ‘आपल्या नाशिकची कंपनी’ म्हणून अर्ज भरले. तो आयपीओ पूर्णपणे ऑफर फॉर सेल होता, म्हणजे पैसे कंपनीत न जाता जुन्या भागधारकांकडे गेले. यात बेकायदेशीर काही नाही, सगळं प्रॉस्पेक्टसमध्ये लिहिलेलं होतं. आपण वाचलं नव्हतं इतकंच. जानेवारी २०२४ मध्ये शेअर सातशेच्या जवळ गेला, मार्च २०२५ पर्यंत आयपीओच्या भावाखाली. कंपनी चांगली असू शकते, वाईन चांगली असू शकते, तिथला सूर्यास्त तर सुंदरच असतो. पण यातलं एकही कारण शेअर धरून ठेवायला पुरेसं नाही, आणि विकायलाही नाही. कारण ताळेबंदात शोधावं लागतं.

‘म्हणून सांगत होतो, एफडी कर’

हे वाचून घरातले मोठे खूश होतील. पण त्यांच्याशीही माझं थोडं भांडण आहे. सुरक्षित म्हणून पैसे ठेवायच्या त्यांच्या जागा काय होत्या? केबीसी आणि मैत्रेय ही नावं नाशिकमध्ये अजून कुजबुजत घेतली जातात. नोटाबंदीनंतर जिल्हा मध्यवर्ती बँकेत लोक स्वतःचेच पैसे मागत रांगेत उभे होते. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढायची मुभा मिळाली. तेव्हा बाजार म्हणजे पाप आणि ठेव म्हणजे पुण्य, असा सोपा हिशेब कोणीच मांडू नये.

उलट दोन्ही पिढ्यांचा आजार एकच आहे. बुडालेलं बोलायचं नाही. आमच्या वाड्यातल्या एका काकांचे एका योजनेत पैसे गेले होते, ते काकूंना कळलं त्यांच्या तेराव्यानंतर, कपाटातल्या पावत्यांवरून. आणि आज माझा एमबीए झालेला मित्र कर्जाला पार्किंगचं नाव देतो. पावतीच्या जागी ॲप आलं. कपाटाला कुलूप होतं, फोनला फेस लॉक आहे. लाज तीच आहे.

मी यातून सुटलेलो नाही. २०२२ मध्ये एका कंपनीचा शेअर मी घेतला, पडला, पुन्हा घेतला, पुन्हा पडला. एक लाख ऐंशी हजार गेले. दोन वर्षं मी ते बायकोला सांगितलं नाही. ऑफिसात प्रॉडक्शनला काही बिघडलं की मी दहा मिनिटांत जुनी आवृत्ती परत चढवतो, मग सगळ्यांना मेल टाकतो, काय चुकलं ते लिहितो. तिथे ‘सर्व्हर बंद पडलाय, पण आपण मान्य केलं नाही तोवर पडलेला नाही’ असं कोणी म्हणालं तर त्याला घरी पाठवतील. स्वतःच्या पैशांच्या बाबतीत मी दोन वर्षं नेमकं तेच म्हणत होतो. शेवटी सांगितलं तेव्हा ती पैशांवरून फार बोलली नाही. ‘दोन वर्षं रात्री फोन घेऊन गॅलरीत जायचास ते हेच का?’ एवढंच विचारलं. मला वाटत होतं, तोटा कागदावर आहे. तो घरात होता.

मग करायचं काय?

विका असं मी म्हणत नाही. मी सल्लागार नाही, आणि ‘सगळे विकतायत म्हणून मीही’ हा तितकाच मूर्खपणा आहे. माझी मागणी एवढीच की, धरून ठेवणं हा निर्णय असावा, न घेतलेल्या निर्णयाचं गोंडस नाव नसावं.

त्यासाठी एकच प्रश्न पुरतो: आज हातात हा शेअर नसता आणि तेवढी रोख असती, तर आजच्या भावाला मी तो घेतला असता का? उत्तर ‘हो’ असेल आणि कारण एका वाक्यात लिहिता येत असेल, तर खुशाल ठेवा, बाजार कितीही लाल असो. उत्तर ‘नाही’ असेल तर तुम्ही शेअर धरलेला नाही, तुमचा खरेदीचा भाव धरला आहे. आणि ज्यासाठी कर्ज काढावं लागतं किंवा खोटं बोलावं लागतं, त्याला तर गुंतवणूक म्हणायचंच नाही.

त्या शुक्रवारी मी मान डोलावून घरी आलो होतो. रात्री त्या मित्राला फोन केला आणि वरचं सगळं, याहून जास्त शिव्या घालून, सांगितलं. तो चिडला. म्हणाला, तुझे बुडाले म्हणून सगळ्यांचे बुडतील का? बरोबर आहे, नाही बुडणार. मी म्हटलं, शेअर ठेव, पण पार्किंगचं खरं काय ते वहिनींना सांग.

कर्ज त्याने घेतलं नाही. शेअर अजून त्याच्याकडे आहे, अजून लाल आहे. पण आता तो आकडा त्या घरात दोघांना माहीत आहे, आणि टपरीवर तो ते वाक्य पुन्हा म्हणालेला नाही.